सामना बरोबरीत सुटला, गाडीही सुटायची होती : एका उपांत्य फेरीचं प्रकरण

भुसावळला डिसेंबरात पावणेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि पुढच्या पंधरा मिनिटांत मैदानावरची फक्की, म्हणजे आखलेली पांढरी रेघ, दिसेनाशी होते. या प्रकरणातला सगळा घोळ त्या पंधरा मिनिटांतला आहे. त्या स्पर्धेचं वेळापत्रक, नियमपत्रक आणि जमाखर्च तिन्ही माझ्याकडे होतं, तेव्हा हे लिहिणाऱ्याचे हातही स्वच्छ नाहीत हे आधीच सांगून टाकतो.

स्पर्धा साधी होती. खानदेशातल्या क्लबांसाठी बाद पद्धतीचा फुटबॉल, पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन डाव, शाळेच्या मैदानावर. प्रवेशिका आल्या १३. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, धुळे इथल्या टीम नेहमीच्याच. एक मात्र नवी होती. नंदुरबारच्या पुढची, सातपुड्याच्या पायथ्याची. आश्रमशाळेतून शिकून बाहेर पडलेली सोळा पोरं आणि त्यांचे एक मास्तर.

फिक्स्चर, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याचा तक्ता, पाडायचं शास्त्र बी.पी.एड. केलेल्या कुणालाही पाठ असतं. संघ १३, म्हणजे पुढचा दोनाचा घात १६, म्हणून बाय, म्हणजे पहिली फेरी न खेळताच पुढे जाणं, तीन संघांना. पहिला बाय खालच्या अर्ध्यातल्या शेवटच्या संघाला, दुसरा वरच्या अर्ध्यातल्या पहिल्या संघाला, तिसरा खालच्या अर्ध्यातल्या पहिल्या संघाला. एकूण सामने संघांपेक्षा एकाने कमी, म्हणजे १२. कारण बाद पद्धतीत प्रत्येक सामना एकाला घरी पाठवतो आणि विजेता सोडून सगळ्यांना कधीतरी घरी जायचंच असतं.

चिठ्ठ्या टाकल्या, पण एक टाकली नाही. नंदुरबारच्या संघाला तळातला बाय आम्ही बसल्याबसल्या देऊन टाकला. ‘लांबून येताहेत, एक खेप तरी वाचेल त्यांची,’ असं मीच म्हणालो. कार्यवाह नाना म्हणाले, ‘बरोबर आहे.’ कुणाचीही हरकत नव्हती. कार्डशीटवर त्यांचं नाव सगळ्यात खाली लिहिलं आणि पुढे कंसात ‘बाय’.

उपांत्यपूर्व फेरी शनिवारी होती. त्यांच्यासमोर येणारा एक कॉलेजचा संघ गुरुवारीच फोन करून मोकळा झाला. परीक्षा होती म्हणे. मी मास्तरांना कळवलं, शनिवारी येऊ नका, थेट रविवारी सेमीला या. कार्डशीटवर लाल स्केचपेनने ‘वॉ.ओ.’ लिहिलं, म्हणजे वॉकओव्हर, समोरचा न आल्याने मिळालेली पुढे चाल. एकही सामना न खेळता एक संघ उपांत्य फेरीत पोचला आणि मैदानाच्या कडेला कुजबुज सुरू झाली, ‘फुकटची सेमी’.

दुसरीकडून आलेला संघ आयोजकांचाच होता. म्हणजे आमचाच क्लब. नाना स्पर्धेचे कार्यवाह आणि त्या संघाचे व्यवस्थापकही. लहान गावात असं असतंच. ज्याला खेळाची आच असते तोच टीम बांधतो आणि तोच स्पर्धाही भरवतो. दुसरा माणूस आणायचा कुठून?

रविवार

पोरं सकाळच्या गाडीने आली. तापी मार्गावरची गाडी, जनरलचा डबा, दीडशे किलोमीटरहून जास्त प्रवास. दोघे बारडोलीकडे ऊसतोडीला गेले होते, ते तिकडूनच गाडीत चढलेले. तिकिटाचे पैसे गावात वर्गणी काढून जमवले होते, ही गोष्ट मास्तरांनी बोलता बोलता सांगितली, तक्रार म्हणून नाही. स्टडचे बूट नऊ जोड. बाकीचे कॅनव्हासच्या बुटांवर खेळणार होते. आमच्या काळ्या मातीवर टँकरने पाणी मारलं होतं, वर दीडेक इंच ओल आणि खाली दगड. कॅनव्हासच्या बुटाला असं मैदान फार वाईट.

दुसरी सेमी चारला लागायची होती. लागली चार पस्तीसला. कारण पाहुणे. ते आले, मग संघांची ओळख, मग शाल, श्रीफळ, मग ‘खेळाडूंनी खिलाडूवृत्ती जोपासावी’ हे भाषण. रेफ्री दोनदा घड्याळाकडे बघून गेला. त्याचं ते बघणं मी बघितलं आणि गप्प बसलो.

खेळाबद्दल फार लिहीत नाही, कारण लिहिण्यासारखं एकच होतं: नंदुरबारचा गोलकीपर. शिडशिडीत पोरगा, हातात विकेटकीपिंगचे आतले ग्लोव्हज. आमच्या पोरांनी त्याच्यावर मारलेले सरळ शॉट त्याने छातीवर घेतले आणि कोपऱ्यातले पंज्याने बाहेर काढले. शेवटच्या दहा मिनिटांत उलट त्यांच्याच एका पोराने आमच्या खांबावर चेंडू हाणला. निकाल शून्य-शून्य. दुखापतींचा वेळ धरून शेवटची शिट्टी वाजली तेव्हा सहा वाजून गेले होते.

नियमपत्रकात माझ्या हाताने लिहिलेलं वाक्य असं होतं: ‘सामना बरोबरीत सुटल्यास टायब्रेकरने निकाल लावण्यात येईल.’ कधी, कुठे, उजेड नसेल तर काय, यातलं एक अक्षर नाही. टायब्रेकर म्हणजे दोन्हीकडून पाच-पाच पेनल्टी. रेफ्रीने पेनल्टीच्या ठिपक्यावर चेंडू ठेवला, गोलपोस्टकडे गेला, वळून बघितलं आणि हात हलवला. कीपरच्या जागेवरून चेंडू दिसत नव्हता. त्याचं बरोबर होतं. अंधारात येणाऱ्या चेंडूसमोर पोराला उभं करणं धोक्याचंच.

समितीने पाच मिनिटांत ठरवलं: सोमवारी सकाळी आठला पेनल्टी. न येणारा संघ बाद.

पोरांची परतीची गाडी साडेसातची होती. एक जण म्हणाला, ‘सर, गाडी चालनी जाई ना.’ आमच्या संघातल्या दोघातिघांनी सुचवलं की मोटरसायली लावू गोलसमोर, लाइट पाडू. रेफ्री नाही म्हणाला. मग मास्तरांनी एक गोष्ट मांडली, जी मला आजही त्या संध्याकाळची सगळ्यात शहाणी वाटते. ‘फायनल पुढच्या रविवारी आहे ना नाना? आम्ही पुढच्या रविवारी येतो. आधी पाच-पाच पेनल्टी मारू. हरलो तर तसेच परत जातो. जिंकलो तर तिथूनच फायनल खेळतो.’

म्हणजे पाच लाथांसाठी सोळा जणांचा पुन्हा तेवढाच प्रवास करायची त्यांची तयारी होती.

नाना म्हणाले, ‘मास्तर, तुमचं खरंय, पण फायनलचा बॅनर सोमवारी दुपारी छापायला जातोय. दोन्ही नावं टाकायची आहेत.’

मास्तर काही बोलले नाहीत. पोरांनी बूट काढले, चिखल झाडला, पिशव्यांत कोंबले. सोमवारी सकाळी आठ वाजता रेफ्रीने शिट्टी वाजवून आमच्या संघाला पुढे चाल दिली. कार्डशीटवर पुन्हा लाल पेन, पुन्हा ‘वॉ.ओ.’. पुढच्या रविवारी आमचा क्लब जिंकला. १२ सामन्यांपैकी नऊच निकाल मैदानावर लागले होते. पहिल्या फेरीतही एक वॉकओव्हर झाला होता, तो मिळून तीन निकाल माझ्या स्केचपेनने लावले.

दीडशे वर्षांपूर्वीची तीच संध्याकाळ

पुढे तक्रार आली, बैठक झाली, आणि बैठकीत कुणीतरी ठसक्यात म्हणालं, ‘नॉकआउट म्हणजे नॉकआउट. जगात सगळीकडे असंच असतं.’ तेव्हा मी नॉकआउट, म्हणजे बाद पद्धतीच्या, फुटबॉलची पहिली राष्ट्रीय स्पर्धा कशी झाली ते काढून बसलो. इंग्लंडचा एफ.ए. कप, हंगाम १८७१-७२. वाचता वाचता मला आमचंच कार्डशीट दिसायला लागलं.

कल्पना चार्ल्स अल्कॉक या माणसाची. तो फुटबॉल असोसिएशनचा सचिव. हॅरो शाळेत असताना त्याने वसतिगृहांमधले बाद पद्धतीचे सामने पाहिले होते, तीच पद्धत त्याने देशातल्या क्लबांना लावायची ठरवली. २० जुलै १८७१ ला ठराव मांडला. असोसिएशनमध्ये तेव्हा पन्नासेक क्लब होते, प्रवेशिका आल्या फक्त १५. त्यातल्या तिघांनी एकही सामना न खेळता माघार घेतली. आणि अल्कॉक स्वतः वाँडरर्स या संघाचा कप्तान. म्हणजे तिकडचे नाना.

वाँडरर्सचा प्रवास बघा. पहिल्या फेरीत हॅरो चेकर्स आलेच नाहीत, वॉकओव्हर. दुसऱ्या फेरीत क्लॅफम रोव्हर्सला हरवलं. पुढे क्रिस्टल पॅलेसशी शून्य-शून्य बरोबरी, आणि दोन्ही संघ पुढे! हे वाचून मी चष्मा पुसला. पण नियमातच तशी सोय होती: बरोबरी झाली तर समितीच्या मर्जीनुसार पुन्हा खेळवायचं किंवा दोघांनाही पुढच्या फेरीत घ्यायचं. पहिल्या फेरीतल्या हिचिन आणि क्रिस्टल पॅलेसच्या सामन्यातही हेच झालं. ‘संघांपेक्षा एकाने कमी’ हे आमचं सूत्र तिथे गडगडतं. एखादा सामना कुणालाच घरी पाठवत नाही, एखादा संघ मैदानात न येताच घरी जातो.

आता क्वीन्स पार्क. ग्लासगोचा क्लब, १८६७ ला स्थापन झालेला. बाकीचे बहुतेक संघ लंडन आणि आसपासचे, हे एकटे सहाशे किलोमीटरहून लांब. चषकाची किंमत होती २० पौंड, त्यात या क्लबाने आपल्या परीने एक गिनी, म्हणजे एका पौंडाहून थोडे जास्त, घातली होती. पहिल्या फेरीत त्यांची गाठ लिंकनशरमधल्या डॉनिंग्टन शाळेशी पडली. प्रवासाचं जमेना, म्हणून दोघांनाही पुढे घेतलं. पुन्हा तीच जोडी, यावेळी शाळेने माघार घेतली. पुढच्या फेरीत बाय. झालं, एकही सामना न खेळता उपांत्य फेरी. आमच्या मैदानाच्या कडेला असते तर यांनाही कुणीतरी ‘फुकटची सेमी’ म्हणालं असतं.

सेमी आणि फायनल लंडनच्या केनिंग्टन ओव्हलवर, हे समितीने ठरवलेलं. ग्लासगोत वर्गणी जमली आणि संघ निघाला. मार्च १८७२ च्या पहिल्या आठवड्यात वाँडरर्स विरुद्ध क्वीन्स पार्क, शून्य-शून्य. सामना पुन्हा खेळवायचा तर लंडनमध्ये राहायला हवं किंवा पुन्हा यायला हवं. दोन्हीसाठी पैसे नव्हते. त्यांनी माघार घेतली, वाँडरर्स फायनलला. सबंध स्पर्धेत फायनलपूर्वी वाँडरर्सनी मैदानावर जिंकलेला सामना एकच!

१६ मार्चला फायनल. दोनेक हजार प्रेक्षक, तिकीट एक शिलिंग. समोर रॉयल इंजिनियर्स हा फौजी संघ, पासिंगच्या खेळासाठी नावाजलेला आणि जिंकणार असा सगळ्यांचा अंदाज असलेला. त्यांचा लेफ्टनंट क्रेसवेल सुरुवातीलाच गळपट्टीचं हाड मोडूनही शेवटपर्यंत मैदानात राहिला. बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हतीच. एकमेव गोल मॉर्टन पीटो बेट्सचा. तो ‘ए. एच. चेकर’ या टोपणनावाने खेळत होता. चेकर म्हणजे हॅरो चेकर्सवाला. ज्या क्लबाने पहिल्या फेरीत वाँडरर्सला वॉकओव्हर दिला, त्याच क्लबाच्या नावावरून घेतलेलं टोपणनाव लावून तो वाँडरर्सला चषक मिळवून देतो. आमच्याकडे असं झालं असतं तर जिल्हा संघटनेकडे अर्ज गेला असता.

क्वीन्स पार्क खरंच तोलामोलाचे होते का? त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला ग्लासगोत स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला, तोही शून्य-शून्य. स्कॉटलंडचे अकराच्या अकरा खेळाडू क्वीन्स पार्कचे होते. पुढे १८८४ आणि १८८५ अशा लागोपाठ दोन वर्षी हा संघ एफ.ए. कपाच्या फायनलला पोचला, दोन्ही वेळा ब्लॅकबर्न रोव्हर्सकडून हरला. तेव्हा ‘फुकटची सेमी’ म्हणणाऱ्याने जरा दमाने घ्यावं.

चूक नेमकी कुठे

बैठकीत सोपा निष्कर्ष काढायची घाई होती: नानांनी आपला संघ पुढे काढला. मला ते पटत नाही. नाना लबाड माणूस नाही. अल्कॉकनेही कुणाला फसवल्याचं दिसत नाही. उलट लंडनच्या समितीने ग्लासगोवाल्यांना दोन फेऱ्या प्रवासाविना पार करू दिल्या. आम्हीही तेच केलं, बाय दिला आणि शनिवारची खेप वाचवली. दोन्हीकडे समिती उपांत्य फेरीपर्यंत उदार होती. पण हे औदार्य बिनखर्चाचं होतं. कार्डशीटवर ‘बाय’ लिहायला काही पडत नाही. जिथे खिशात हात घालायची वेळ आली तिथे दोन्हीकडे नियम आठवला.

आणि ती वेळ नेहमी बरोबरीनंतरच येते. जिंकलेल्याला पुढे जायचं असतं, हरलेल्याला घरी, दोघांचाही रस्ता ठरलेला. बरोबरी मात्र दोघांना सारखी पडत नाही. आमची पोरं त्या रात्री घरी जाऊन शेवभाजी खाऊन झोपली आणि सकाळी पावणेआठला मैदानावर आली. समोरच्या पोरांना त्याच बरोबरीसाठी सतरा जणांची रात्रीची सोय, जेवण, बुडणारी मजुरी आणि परतीचं नवं तिकीट एवढं लागणार होतं. धावफलकावर मात्र दोन्हीकडे शून्यच.

पर्याय नव्हते असं नाही. नाणेफेक करता आली असती. १९६८ च्या युरोपियन स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघाची सेमी नाणेफेकीवरच सुटली. लोकांना ते इतकं खटकलं की दोन वर्षांत पेनल्टीची पद्धत नियमात आली. माझ्या मते मात्र संध्याकाळी सहाला, दोन्ही कप्तानांसमोर उडवलेलं नाणं सोमवारच्या वॉकओव्हरपेक्षा कितीतरी न्याय्य ठरलं असतं. निदान पन्नास टक्के तरी! सकाळी आठच्या पेनल्टीत त्यांची संधी शून्य टक्के होती आणि समितीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं.

मुक्कामाची सोयही करता आली असती. शाळेच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या, चटया मंडपवाल्याकडे होत्याच. जेवणाचा खर्च? जमाखर्च मीच लिहिला आहे, म्हणून सांगतो: त्या दिवशीच्या शाली, नारळ आणि हारांचं बिल सतरा माणसांच्या वरण-बट्टीपेक्षा जास्त होतं. मजुरी बुडाली असती हे खरं, पण निर्णय त्यांच्या हातात राहिला असता. आम्ही ‘थांबा’ म्हणालो, ‘कुठे’ ते सांगितलं नाही.

मास्तरांचा पुढच्या रविवारचा तोडगा तर आम्हाला एक पैसा न लागणारा होता. बॅनरवर एका बाजूला रिकामी जागा सोडून खडूने नाव लिहिता आलं असतं. मी हे बैठकीत म्हटलं तेव्हा लोक हसले. मी गंमत करत नव्हतो.

खरी चूक मात्र त्याहून आधीची, चार वाजताची. पस्तीस मिनिटांचा उशीर झाला नसता तर शिट्टी साडेपाचच्या आत वाजली असती आणि उजेडात दहा पेनल्टी आरामात झाल्या असत्या. बाद पद्धतीत वेळापत्रकाला ढिलाई चालत नाही, कारण सामन्याला शेपूट असू शकतं. साखळीत बरोबरी झाली की एकेक गुण वाटून लोक चहाला जातात. बाद फेरीत शेवटच्या शिट्टीनंतरही अर्धा तास राखून ठेवावा लागतो. भाषणाने खाल्ला तो नेमका हा अर्धा तास. रेफ्रीने घड्याळाकडे बघितलं तेव्हा उठून माइकपाशी जायला हवं होतं ते मी, आणि मी खुर्चीत बसून राहिलो.

वॉकओव्हर आणि माघार याला मी उगाच नावं ठेवत नाही. मोठ्या स्पर्धांतही ते होतं. भारतातल्या क्लबांच्या २०२५ च्या सुपर कपात १६ जणांच्या तक्त्यातून चर्चिल ब्रदर्सने अंग काढून घेतलं आणि मोहन बागान पहिली फेरी न खेळता पुढे गेला. पुढे एफ.सी. गोव्याने त्यांना उपांत्य फेरीत ३-१ असं हरवलं आणि कपही नेला. तिथे मैदानावर निकाल लागला, म्हणून त्या बायची आज कुणाला आठवणही नाही. आमचा बाय लक्षात राहिला, कारण शेवट मैदानावर झाला नाही.

बैठकीतून काय निघालं? कार्यवाह स्वतःचा संघ खेळत असलेल्या सामन्याच्या निर्णयात बसणार नाही, हे नानांनी स्वतःच सुचवलं. त्याबद्दल त्यांना मानलं पाहिजे. सेमीचे सामने एक आणि अडीचला, बाहेरगावच्या संघाचा आधी. बरोबरी झाली तर त्याच जागी, लगेच टायब्रेकर. उजेड गेला तर दोन्ही कप्तानांसमोर नाणेफेक, हा मुद्दा बराच वेळ अडला, शेवटी एका मताने पास झाला. सत्कार फक्त फायनलला आणि तोही बक्षीस समारंभात. पाहुण्यांना हे कळवायचं काम माझ्याकडे आलं. ते आजवरच्या माझ्या कामांतलं सगळ्यात अवघड काम.

प्रवेशिकेवर मी एक रकाना वाढवला: ‘परतीची शेवटची गाडी / एस.टी. किती वाजता?’ जिल्हा संघटनेच्या एका सद्गृहस्थांनी तो बघून विचारलं, हे क्रीडास्पर्धेचं पत्रक आहे की रिझर्व्हेशनचा फॉर्म? भुसावळमध्ये हा प्रश्न विचारणारा माणूस भेटावा हे नवलच.

पुढच्या डिसेंबरात नंदुरबारची प्रवेशिका आली. येईल असं मला वाटलं नव्हतं. त्या रकान्यात मास्तरांच्या अक्षरात ‘७.३०’. यावेळी सगळ्या चिठ्ठ्या डब्यात टाकल्या, त्यांना बाय आला नाही. पहिल्याच फेरीत, सकाळी साडेदहाच्या सामन्यात, धुळ्याच्या संघाकडून ते तीन-शून्यने हरले. कीपर तोच, ग्लोव्हज नवे. दुपारी मंडपाच्या सावलीत बसून पोरांनी भरीत-पुरी खाल्ली, बाकीचे दोन सामने पाहिले आणि गाडीला दोन तास असताना निवांत स्टेशनकडे निघाली. जाताना कीपरने कार्डशीटपाशी थांबून आपल्या संघाच्या नावापुढची रेघ बोटाने शोधली. पुढे निकाल लिहिलेला होता, ०-३, निळ्या पेनने.